चांदण्या रात्री तळ्याकाठचे छायाचित्र

पौर्णिमेच्या रात्री तळ्याच्या बांधावर उभे राहावे. पलीकडच्या काठावरच्या बाभळी, पाण्यावर पसरलेला चंद्रप्रकाशाचा पट्टा, बांधावरून गावाकडे जाणारी पायवाट हे सारे डोळ्यांना चांगले दिसते. अशा वेळी कोणी उत्साहाने मोबाइल पुढे करून झटकन छायाचित्र घेतले, तर बहुधा निराशाच पदरी पडते. पडद्यावर सगळा काळोख आणि त्यात एक पांढरा ठिपका! डोळ्यांना जे दिसते ते कॅमेऱ्याला का दिसू नये?

आता याच्या उलट गोष्ट पाहा. तोच कॅमेरा स्थिर ठेवला आणि त्याला दहा-बारा सेकंद प्रकाश गोळा करू दिला, तर जे चित्र मिळते ते पाहून आपण चकित होतो. त्यात गवत हिरवे असते, माती तपकिरी असते आणि आकाश चक्क निळे असते. त्या निळ्या आकाशात चांदण्या चमकत असतात. डोळ्यांना यांतला एकही रंग दिसलेला नसतो. मग खरे काय? डोळ्यांनी पाहिलेले की कॅमेऱ्याने टिपलेले?

या प्रश्नाचे उत्तर शोधण्यासाठी महागड्या उपकरणांची गरज नाही. वर्ध्याहून आर्वीकडे जाणाऱ्या रस्त्यावर, धाम नदीच्या खोऱ्यात आंजी (मोठी) हे गाव आहे. याच नदीवर वरच्या अंगाला महाकाळी येथे धरण बांधलेले असून त्याचा विस्तीर्ण जलाशय आहे. पण तेवढे लांब जायचे कारण नाही. या भागातला एखादा पाझर तलाव, गावतळे, फार काय, पाण्याने भरलेले शेततळेही आपल्या प्रयोगाला पुरते. हवा तो पौर्णिमेचा चंद्र, थोडे गणित आणि भरपूर धीर.

काळ्या दगडाचा आरसा

चांदणे म्हणजे चंद्रावरून परावर्तित झालेले ऊन, हे आपण प्राथमिक शाळेतच शिकतो. पण हा आरसा कसा आहे याचा विचार फार थोडे लोक करतात. चंद्र आपल्याला रुपेरी दिसतो, म्हणून त्याचा पृष्ठभाग पांढरा असावा असे वाटते. प्रत्यक्षात तो जुन्या डांबरी रस्त्याइतका काळपट आहे. चंद्रावरचे जे डाग आपण ससा किंवा हरिण म्हणून ओळखतो, ते बेसॉल्ट खडकाचे पसरट प्रदेश आहेत. १९६९ साली अपोलो-११ च्या अंतराळवीरांनी आणलेल्या नमुन्यांत हा खडक होता. आपल्या पायाखालचा दख्खनचा काळा पाषाण, ज्याची झीज होऊन वर्धा जिल्ह्याची कापसाची काळी जमीन तयार झाली, तोही बेसॉल्टच. काळ्याभोर रात्रीच्या पार्श्वभूमीवर उन्हात ठेवलेला काळपट दगडही पांढरा दिसतो, एवढाच त्याचा अर्थ.

चंद्राकडून आपल्याला किती ऊन मिळते, हे आपण स्वतःच काढू शकतो. समजा, चंद्राच्या जागी त्याच आकाराची, चुन्याने रंगवलेली एक पांढरीशुभ्र सपाट चकती आहे आणि तिच्यावर समोरून ऊन पडते आहे. अशा चकतीकडून आपल्याकडे येणारा प्रकाश उन्हाच्या किती भाग असेल? चकतीची त्रिज्या भागिले तिचे अंतर, आणि येणाऱ्या संख्येचा वर्ग, इतका. चंद्राची त्रिज्या १७३७ किलोमीटर आणि सरासरी अंतर ३,८४,४०० किलोमीटर. भागाकार येतो सुमारे १/२२१. त्याचा वर्ग सुमारे १/४९,०००. पण चंद्र काही पांढरी चकती नाही. मोजमापांवरून असे आढळते की पौर्णिमेचा चंद्र अशा चकतीच्या फक्त १२ टक्के प्रकाश आपल्याकडे पाठवतो. तेव्हा १/४९,००० ला ०.१२ ने गुणावे. उत्तर येते सुमारे १/४,००,०००.

ही चार लाखांची संख्या नीट लक्षात ठेवावी. आपले सारे छायाचित्रण या एका संख्येवर उभे आहे. भर दुपारच्या उन्हात जमिनीवर सुमारे एक लाख लक्स इतका प्रकाश पडतो. पौर्णिमेचा चंद्र माथ्यावर असताना तो पाव लक्सच्या आसपास असतो. भागाकार पुन्हा तोच!

अर्धा चंद्र, पण प्रकाश अर्धा नव्हे

अष्टमीच्या दिवशी चंद्रबिंब अर्धे दिसते. मग प्रकाशही पौर्णिमेच्या निम्मा असेल, असे कोणीही म्हणेल. पण मोजले तर तो जेमतेम एक दशांश भरतो. याचे कारण समजून घ्यायला नांगरलेल्या शेतात जावे. सकाळी ऊन कोवळे असताना सूर्याकडे पाठ करून ढेकळांकडे पाहा. प्रत्येक ढेकळाची उजळलेली बाजू आपल्यासमोर असते आणि त्याची सावली त्याच्याच पाठीमागे लपलेली असते. सारे शेत उजळ दिसते. आता वळून सूर्याकडे तोंड करा. तेच शेत सावल्यांनी भरून काळे दिसू लागते. चंद्राचा पृष्ठभागही असाच धुळीचा, खडबडीत आणि खाचखळग्यांचा आहे. पौर्णिमेला सूर्य जणू आपल्या पाठीशी असतो, त्यामुळे चंद्रावरच्या सावल्या आपल्याला दिसतच नाहीत. अष्टमीला मात्र ऊन तिरपे पडते आणि सावल्या दिसू लागतात.

म्हणून चांदण्यातल्या छायाचित्रासाठी पौर्णिमा आणि तिच्या मागचापुढचा एखादा दिवस एवढाच काळ उत्तम. चंद्र पृथ्वीच्या जवळ असताना येणारी पौर्णिमा दूरच्या पौर्णिमेपेक्षा सुमारे ३० टक्के अधिक प्रकाश देते. पण हा फरक सावल्यांच्या फरकापुढे किरकोळ आहे.

महिन्यांतही निवड करता येते. पावसाळ्यातल्या पौर्णिमा ढगांत जातात. उन्हाळ्यातला पौर्णिमेचा चंद्र दक्षिणेकडे कलून जातो, आणि तोवर तळीही आटलेली असतात. आश्विनातल्या कोजागिरीला मात्र आकाश धुतल्यासारखे स्वच्छ असते, तळी काठोकाठ भरलेली असतात आणि मध्यरात्रीच्या सुमारास चंद्र बराच वर येतो. मार्गशीर्ष-पौषात तर तो वर्ध्याच्या अक्षांशावर जवळजवळ माथ्यावरून जातो. कोजागिरीला जागण्याची आपल्याकडे चालच आहे. दूध आटेपर्यंत एक प्रयोगही होऊन जाईल.

चार लाख पटींचे गणित

कॅमेऱ्यात प्रकाशाचे नियमन तीन गोष्टींनी होते. पहिली, भिंगाच्या छिद्राचा आकार. तो एफ/१६, एफ/२.८ अशा आकड्यांनी दाखवतात. आकडा लहान तितके छिद्र मोठे, आणि आत येणारा प्रकाश या आकड्याच्या वर्गाच्या व्यस्त प्रमाणात असतो. दुसरी, प्रकाश ग्रहण करणाऱ्या पटलाची संवेदनक्षमता. ती आयएसओ या मापाने सांगतात. तिसरी, उद्भासनाचा काळ, म्हणजे झडप किती वेळ उघडी राहते ती वेळ.

छायाचित्रकारांचा एक जुना आडाखा आहे. भर उन्हात छिद्र एफ/१६ ठेवावे आणि आयएसओचा जो आकडा असेल, त्या आकड्याने एक सेकंदाला भागावे, म्हणजे योग्य उद्भासन मिळते. आयएसओ १०० असेल तर १/१०० सेकंद, आयएसओ ८०० असेल तर १/८०० सेकंद.

आता मोबाइलचे उदाहरण घेऊ. त्याचे छिद्र एफ/१.८ आहे आणि आपण आयएसओ ८०० ठेवला आहे असे समजा. एफ/१६ च्या तुलनेत एफ/१.८ मधून (१६ ÷ १.८) चा वर्ग, म्हणजे सुमारे ७९ पट प्रकाश आत येतो. तेव्हा उन्हात लागणारा काळ १/८०० भागिले ७९, म्हणजे सुमारे १/६३,००० सेकंद. चांदण्यात याच्या चार लाख पट वेळ हवा. ४,००,००० ला ६३,००० ने भागले की येतात सुमारे सव्वासहा सेकंद!

मोठ्या कॅमेऱ्यावर एफ/२.८ आणि आयएसओ १०० ठेवल्यास हाच हिशेब सुमारे दोन मिनिटांवर येतो. तो आपला आपण करून पाहावा. हे उत्तर चंद्र माथ्यावर असतानाचे आहे. रात्री नऊच्या सुमारास चंद्र अजून तिरपा असतो, त्याचा प्रकाश जास्त हवेतून येतो आणि जमिनीवर अधिक पसरतो. म्हणून काळ दुप्पट करावा. मोबाइलसाठी १० ते १५ सेकंद ठीक.

फिल्मच्या काळात या हिशेबात एक अडचण होती. प्रकाश निम्मा झाला की वेळ दुप्पट करावी, हा व्यस्त प्रमाणाचा नियम फिल्म अगदी मंद प्रकाशात पाळत नसे. तिची संवेदनक्षमता घटे आणि दोन मिनिटांच्या जागी त्याहून बराच अधिक वेळ द्यावा लागे. कार्ल श्वार्त्सशिल्ड या जर्मन ज्योतिर्विदाने १९०० सालच्या सुमारास ताऱ्यांची छायाचित्रे घेताना या दोषाचा अभ्यास करून त्याचे सूत्र मांडले. आजच्या इलेक्ट्रॉनिक पटलांत हा दोष नसल्यामुळे आपले साधे गणित जसेच्या तसे लागू पडते.

डोळ्यांना रंग का दिसत नाहीत?

अंधारात आपल्या डोळ्याची बाहुली सुमारे ७ मिलिमीटरपर्यंत मोठी होते. मोबाइलच्या भिंगाचे छिद्र त्याच्या निम्म्याहूनही लहान असते. तरीही कॅमेरा जिंकतो तो केवळ वेळेच्या जोरावर. मंद प्रकाशात डोळा साधारण १/१० सेकंदाएवढाच प्रकाश साठवतो आणि पुढच्या क्षणी नवे चित्र पाहू लागतो. तसे नसते तर चालती बैलगाडी आपल्याला धुक्याच्या पट्ट्यासारखी दिसली असती. कॅमेऱ्याला घाई नसते. दहा सेकंदांत तो डोळ्याच्या शंभर पट काळ प्रकाश गोळा करतो.

दुसरे कारण डोळ्याच्या रचनेत आहे. रंग ओळखणाऱ्या शंकुपेशींना पुरेसा प्रकाश लागतो. चांदण्यात मुख्यतः दंडपेशी काम करतात आणि त्यांना रंगभेद कळत नाही. शंकुपेशी हिरवट-पिवळ्या प्रकाशाला सर्वांत जास्त प्रतिसाद देतात, तर दंडपेशी निळसर-हिरव्या प्रकाशाला. त्यामुळे उजेड कमी होत जातो तसा लाल रंग आधी काळवंडतो. यान पुर्किन्ये या झेक शास्त्रज्ञाने १८२५ साली याचे वर्णन केले. जास्वंदीचे फूल आणि तिचे पान चांदण्यात धरून पाहा. दिवसा फूल झगझगीत आणि पान गडद वाटते. रात्री फूल काळे पडते आणि पान त्याहून उजळ भासते.

चांदणे निळसर असते ही समजूतही यातूनच आली असावी. मोजमाप सांगते की चंद्राची जमीन लाल प्रकाश किंचित अधिक परावर्तित करते, म्हणून चांदणे उन्हापेक्षा कणभर तांबूसच असते. आणि छायाचित्रातले निळे आकाश? तो कॅमेऱ्याचा खेळ नव्हे. दिवसा हवेचे रेणू उन्हातला निळा प्रकाश अधिक प्रमाणात विखुरतात, म्हणून आकाश निळे दिसते. चांदणे हेही ऊनच असल्यामुळे रात्रीही हेच घडते. पौर्णिमेच्या रात्रीचे आकाश खरोखरच निळे असते. ते पाहण्याइतका उजेड आपल्या डोळ्यांना पुरत नाही, इतकेच.

पाणी काय करते?

तळ्याकाठी पाण्याचा विचार करावाच लागतो. पाणी हा चमत्कारिक आरसा आहे. पायाशी सरळ खाली पाहिले तर ते पडलेल्या प्रकाशाचा जेमतेम २ टक्के भाग परत पाठवते. पण दूरच्या पाण्याकडे, पृष्ठभागाशी दहा अंशांचा कोन करून पाहिले तर हे प्रमाण सुमारे ३५ टक्क्यांवर जाते, आणि दृष्टी जसजशी पाण्याला टेकत जाईल तसतसे ते शंभर टक्क्यांकडे सरकते. म्हणून छायाचित्रात काठाजवळचे पाणी काळे आणि दूरचे उजळ येते. आकाशाचे आणि झाडांचे प्रतिबिंब ठसठशीत हवे असेल तर कॅमेरा जितका खाली, पाण्यालगत ठेवता येईल तितका ठेवावा.

वारा असेल तर प्रत्येक लहर एक वेगळा कललेला आरसा होते. अशा हजारो आरशांपैकी योग्य कोनात कललेले आरसे चंद्राचा प्रकाश आपल्याकडे पाठवतात, आणि चंद्रापासून आपल्या पायांपर्यंत रुपेरी वाट तयार होते. दहा सेकंदांच्या उद्भासनात लहरींची सरासरी होऊन ही वाट गुळगुळीत, मलमली दिसते. शांत पाणी हवे असेल तर वारा पडेपर्यंत थांबावे.

चंद्रच चित्रात हवा असेल तर

चंद्राचा पृष्ठभाग भर उन्हात आहे. त्यामुळे त्याचे डाग टिपायचे तर उद्भासन दिवसासारखे, सेकंदाच्या एखाद्या शतांशाचे हवे. तळ्याला मात्र सेकंदच्या सेकंद लागतात. दोन्ही गोष्टी एका चित्रात साधणे अवघड. तळ्यासाठी वेळ दिला की चंद्र पांढरा गोळा होतो. शिवाय पृथ्वीच्या फिरण्यामुळे चंद्र दोन मिनिटांत स्वतःच्या रुंदीइतका, म्हणजे अर्धा अंश सरकतो. दहा सेकंदांत हे सरकणे रुंदीच्या बाराव्या भागाएवढेच असते, म्हणून तेवढ्या वेळात तारे ठिपक्यांसारखे येतात. दोन मिनिटांत त्यांच्या रेघा उमटतात.

यावर एक तोड आहे. पौर्णिमेच्या आदल्या दिवशी चंद्र सूर्यास्ताच्या थोडा आधीच उगवतो. चंद्र रोज सरासरी ५० मिनिटे उशिरा उगवतो, त्याचा हा फायदा. संधिप्रकाशात काही मिनिटे अशी येतात की तळे आणि चंद्र यांच्या उजेडात फार अंतर नसते. अमेरिकन छायाचित्रकार अॅन्सल अॅडम्स यांनी १९४१ साली न्यू मेक्सिकोतील हर्नांडेझ गावावर उगवलेल्या चंद्राचे चित्र अशाच वेळी घेतले. घाईत प्रकाशमापक सापडेना, तेव्हा चंद्राची दीप्ती त्यांना पाठ होती, तिच्यावरून त्यांनी उद्भासन ठरवले. त्यांनी तारीख मात्र लिहून ठेवली नव्हती. पुढे १९९१ साली डेनिस डि चिको यांनी चित्रातल्या चंद्राच्या स्थानावरून गणित करून १ नोव्हेंबर १९४१ ही तारीख निश्चित केली.

प्रत्यक्ष कृती

१. जागा दिवसा पाहून ठेवा. रात्री एकट्याने जाऊ नका. सोबत वडील मंडळी किंवा शिक्षक हवेतच. पायांत बूट आणि हातात बॅटरी असावी, कारण तळ्याकाठी सापांचा वावर असतो. सेलू तालुक्यातील बोर धरणाचा परिसर सुंदर आहे, पण बोर हा २०१४ पासून व्याघ्र प्रकल्प असल्याने रात्री तिकडे जाण्याचा विचारही करू नये.

२. तिपाई नसेल तर विटांवर वाळूची पिशवी ठेवून तिच्यात मोबाइल बसवा. बटण दाबताना बसणारा धक्का टाळण्यासाठी स्वयंचलित घटिका लावा.

३. चंद्र पाठीशी किंवा बाजूला ठेवा. समोर नको.

४. मोबाइलमधील ‘प्रो’ ही सोय निवडा आणि आयएसओ व काळ स्वतः ठरवा. ‘नाइट’ या सोयीत यंत्र अनेक लहान चित्रे जोडून स्वतःचे संस्करण करते. काही फोन तर चंद्राचे बिंब ओळखून त्याचे तपशील आपणच ठळक करतात. चित्र छान येते, पण त्यावरून मोजमाप करता येत नाही.

५. केंद्रीकरण दूरच्या वस्तूवर, म्हणजे अनंतावर ठेवा.

६. ३, ६, १२ आणि २४ सेकंदांची चार चित्रे घ्या. गणिताने आलेल्या उत्तराशी कोणते जुळते ते वहीत लिहा. तिथी, वेळ, चंद्राची उंची आणि हवा यांचीही नोंद करा.

दुसरा उजेड

या प्रयोगातून आणखी एक गोष्ट हाती लागते, आणि तीच कदाचित सर्वांत मोलाची आहे. कॅमेरा प्रकाश साठवतो, मग तो चंद्राचा असो वा दिव्याचा. पाव लक्स चांदण्याच्या शेजारी रस्त्यावरच्या दिव्याखालचे पाच-दहा लक्स म्हणजे वीस ते चाळीस पट उजेड. तळ्याच्या काठावर एक झगझगीत दिवा लागला की चांदणे हरलेच. डोळे मिटवणाऱ्या त्या दिव्याचा बराचसा प्रकाश वर आकाशात जातो, रस्त्याच्या काही उपयोगी पडत नाही. काजवे आणि रात्री उडणारे पतंग यांचे जीवन मात्र त्याने विस्कळीत होते.

यावर उपाय अवघड नाही, हे आपल्या शेजारच्या नागपूर जिल्ह्यात दिसून आले आहे. तेथील पेंच व्याघ्र प्रकल्पाला जानेवारी २०२४ मध्ये डार्कस्काय इंटरनॅशनल या संस्थेने भारतातील पहिले ‘डार्क स्काय पार्क’ म्हणून मान्यता दिली. त्यासाठी वाघोली, सिल्लारी, पिपरिया आणि खापा या गावांतील शंभराहून अधिक दिवे बदलून त्यांचा उजेड फक्त जमिनीकडे पडेल अशी व्यवस्था करण्यात आली. गावे अंधारात गेली नाहीत. रस्त्यावर उजेड राहिला आणि आकाश मोकळे झाले.

आंजी परिसरातील, किंवा कोणत्याही गावातील शाळेला एक उपक्रम सुचवावासा वाटतो. तळ्याकाठची एक जागा कायमची ठरवा. दर पौर्णिमेला आणि दर अमावास्येला त्याच जागेवरून, त्याच दिशेने, त्याच आयएसओने आणि तेवढ्याच सेकंदांचे एक चित्र घ्या. पौर्णिमेचे चित्र चंद्राविषयी सांगेल. अमावास्येच्या चित्रात क्षितिजालगत जो उजेड दिसेल, तो बहुतांशी माणसांनी लावलेला असेल. आंजीहून वर्धा शहर आग्नेयेला आहे. त्या दिशेचे आकाश वायव्येच्या आकाशापेक्षा किती उजळ येते, ते पाहा. ही चित्रे तारखेनुसार शाळेत जपून ठेवा. पाच वर्षांनी जे विद्यार्थी दहावीत असतील त्यांच्या हाती एक खरीखुरी नोंद असेल, आणि गावातले दिवे कसे असावेत याविषयी ग्रामपंचायतीशी बोलताना त्यांना पुराव्यानिशी बोलता येईल.